सासूबाईंची श्रद्धा, यांचं डायलिसिस आणि माझा राग

प्रश्न : यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस असतं. नोकरी सुटली, घराचे हप्ते थकलेत, मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे. सासूबाई फार देवभोळ्या. त्यांनी उपास धरलेत आणि यांनाही धरायला लावलेत. ‘घरात कुणाची तरी श्रद्धा कमी पडतेय’ असं म्हणतात, रोख माझ्यावर. पुढच्या महिन्यात पूजेच्या दिवशीच डायलिसिस येतंय, ते चुकवायचं चाललंय. कुणीतरी दिलेली पुडीही सुरू करायची आहे. दीर फोनवर म्हणतात, ‘वहिनी, आम्ही रोज प्रार्थना करतो.’ हे रात्री विचारतात, ‘मी असं काय पाप केलं?’ आणि मला हात जोडले की नुसता राग येतो. मी काय करू?
– एक वाचक

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तातडीची आहे, आधी तीच.

डायलिसिस चुकवायचं नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेही बरेचदा आधी काही न जाणवता. आठवड्यातल्या 2 दिवसांच्या मोठ्या खंडानंतर धोका वाढतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. मग अख्खी एक पाळी गाळली तर काय होईल? पण सासूबाईंशी यावर वाद घालत बसू नका. सेंटरला आजच फोन करा आणि पाळी आदल्या दिवशी घेता येईल का, विचारा. आधी सांगितलं तर बरेचदा जमवून देतात. नाहीच जमलं, तर पूजेची वेळ बदला. देवाला वेळ बदललेली चालते, हे सासूबाईंना मुलाने स्वतः सांगावं. तुमच्या तोंडून तेच वाक्य वेगळं ऐकू येईल.

उपासाचंही तसंच. किडनीच्या पेशंटला उपास म्हणजे हलकं खाणं वाटतं, पण केळी, फळांचे रस, नारळपाणी या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. जेवणात मिठाऐवजी वापरतात त्या ‘कमी सोडियमच्या’ मिठातही बहुधा पोटॅशियमच असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. सासूबाईंना म्हणा, ‘आई, यांच्या वाटचा उपास तुम्हीच करा.’ मनापासून म्हणा, टोमणा म्हणून नको. मात्र त्यांना स्वतःला साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच करावा.

पुडी मात्र नाही. यात मी कुणाचं मन राखणार नाही. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायला दिलेल्या वनस्पतींच्या औषधात ॲरिस्टोलोकिया नावाची वनस्पती आली आणि धडधाकट बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. तेही ‘नैसर्गिक’च होतं. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर ती डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा आणि नकार त्यांना देऊ द्या. प्रत्येक वेळी वाईटपणा तुम्हीच कशाला घ्यायचा?

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येते. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच वाटलं. 2001 साली अमेरिकेत 55 वर्षांपुढच्या, रुग्णालयात असलेल्या आजारी माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकलंय किंवा आपल्या आजारात सैतानाचा हात आहे असं मानणाऱ्यांमध्ये पुढच्या 2 वर्षांत मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. यावरून एका माणसाचं भविष्य काढता येत नाही. पण घरात पापाची भाषा सैलपणे वापरू नये, एवढं मी त्यातून नक्की घेते. किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणं मधुमेह आणि उच्च रक्तदाब. यांच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते डॉक्टरांना सासूबाईंच्या समोर सांगायला लावा. कारण कळलं की पापही शोधावं लागत नाही आणि ‘कमी पडलेली श्रद्धा’ही.

रात्री त्यांनी विचारलं, तर उत्तर देऊ नका. ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि ऐका. ते बहुतेक भीतीबद्दल बोलतील, घराच्या हप्त्यांबद्दल बोलतील. पण झोप उडाली, जेवण नकोसं झालं, ‘आता हे सगळं थांबवा’ असं वारंवार बोलणं सुरू झालं, तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. डायलिसिसवरच्या माणसांना नैराश्य येणं अजिबात दुर्मिळ नाही, आणि त्यावर उपचार आहेत.

आणि तुमचा राग? असू द्या की. आपल्या संतांनी देवाशी केवढी भांडणं केलीत! ज्याच्यावर विश्वासच उरला नाही, त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही. प्रार्थना होत नसेल तर करू नका. आठवड्यातून 3 वेळा त्यांना घेऊन जाताय, पाणी मोजून देताय, पोरीचा अभ्यास बघताय. यात श्रद्धा कुठे कमी पडली, ते मला तरी दिसत नाही.

दिरांना मी सोडणार नाही. प्रार्थना करतात, चांगली गोष्ट आहे. त्यांना सांगा, ‘भाऊजी, प्रार्थना चालू ठेवा, आणि आठवड्यातली एक पाळी तुमची.’ दिवस आणि वेळ ठरवूनच सांगा, कारण ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला नेमकं काम दिल्याशिवाय तो हलत नाही. तो अर्धा दिवस तुम्हाला मोकळा मिळेल. पहिल्या मोकळ्या दिवशी बँकेत जा. हप्ता थकल्यावर नोटिशीची वाट पाहू नका. नोकरी गेल्याचे आणि उपचारांचे कागद दाखवून हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का, हे आपणहून विचारलेलं बरं. दुसऱ्या मोकळ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांना एकट्या भेटा आणि दोन गोष्टी विचारा : प्रत्यारोपणाच्या तपासण्या कधी सुरू करायच्या, आणि पोटातून घरीच करायचं डायलिसिस यांना चालेल का. ते चाललं तर सेंटरच्या खेपा बऱ्याच वाचतील, आणि यांना काही काम धरता येईल का, याचाही विचार करता येईल.