ट्रॅम्पोलीन आणि टंबलिंग हा खरंच स्पर्धेचा खेळ आहे का? चाळीसगावजवळच्या गावातली माझी नऊ वर्षांची मुलगी दिवसभर कोलांट्या मारते, तिला कुठून सुरुवात करून देऊ?

भाऊ, खेळ खरा आहे आणि चांगलाच कठीण आहे. जत्रेत किंवा मॉलमध्ये पोरं ज्या जाळीवर उड्या मारतात, त्यावरून याची कल्पना यायची नाही. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझ्याकडे ट्रॅम्पोलीन नाही, पण पोरांकडून त्याची पायाभरणी करून घेतो, म्हणून लिहितो.

अमेरिकेत जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिसवोल्ड यांनी 1930 च्या दशकात आजचं ट्रॅम्पोलीन, म्हणजे स्प्रिंगांवर ताणलेली उडीची जाळी, बनवलं. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ते ऑलिम्पिकमध्ये आहे. टंबलिंगचं, म्हणजे लांब पट्टीवरून सलग कोलांट्या मारत जाण्याच्या खेळाचं, नशीब उलटं. 1932 ला लॉस एंजलिसमध्ये ते ऑलिम्पिकमध्ये होतं, त्यानंतर परत आलं नाही. जागतिक स्पर्धा मात्र दोन्हींच्या होतात.

स्पर्धेत ट्रॅम्पोलीनवर एकामागून एक दहा उड्या माराव्या लागतात. मध्ये दम खायला साधी उडी मारली की तिथेच संपलं. गुण चार गोष्टींचे: उडी किती अवघड, किती नीटस, हवेत एकूण किती सेकंद राहिलात आणि जाळीच्या मध्यापासून किती सरकलात. ही चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते. मोठे खेळाडू सात-आठ मीटर वर जातात, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीपेक्षाही वर. तिथे दोन-तीन गिरक्या घेऊन उतरायचं मात्र जाळीच्या मध्यावरच्या त्याच फुलीवर, आणि शेवटी दोन्ही पायांवर स्तब्ध उभं राहायचं.

टंबलिंगला साधारण 25 मीटर लांबीची स्प्रिंगची पट्टी असते. धावत यायचं आणि न थांबता आठ उड्या मारत जायचं: राउंड-ऑफ (हात टेकून आडवं फिरत दोन्ही पायांवर उतरणं), फ्लिक-फ्लॅक (मागे हातांवर जाऊन परत पायांवर येणं), मागची कोलांटी, आणि शेवटी जी सगळ्यात अवघड ती. तुमची मुलगी सारख्या कोलांट्या मारते म्हणताय, म्हणजे तिची ओढ मला इकडे दिसते.

आता एक मनापासून सांगतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापसाने खोली भरली की पोरं त्यात उड्या मारतात. मीही मारायचो. आठवीत असताना त्याच ढिगावर मागची कोलांटी मारायला गेलो, पाय कापसात रुतले, पुरता फिरलोच नाही आणि मानेवर पडलो. पंधरा दिवस उजवा हात बधिर होता. कापूस उडी गिळतो, ट्रॅम्पोलीन ती परत देतं, तीही जोराने, त्यामुळे तिथली चूक आणखी महागात पडते. शिकवणारा शेजारी उभा नसेल तर मुलीला उलटी कोलांटी मारू देऊ नका, ना कापसावर, ना गादीवर, ना विहिरीच्या काठावरून.

तोवर घरी काय करता येईल? मी गादीवर खडूने फुली काढतो आणि दहा सरळ उड्या मारायला लावतो. हात कानाला लागलेले, गुडघे जुळलेले, नजर समोर एका ठिकाणी. माझ्याकडच्या सातवीतल्या एका मुलीची पहिल्या दिवशी चौथ्याच उडीला टाच फुलीबाहेर गेली. ती रोज शाळा सुटल्यावर थांबायची. दीड महिन्याने दहाव्या उडीनंतर खडू तिच्या दोन्ही तळव्यांना सारखा लागलेला होता, आणि तिने तो पुसलाच नाही, तशीच अनवाणी घरी गेली. सोबत हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं), पुढची-मागची लोळण आणि गावात मल्लखांब असेल तर तोही करू द्या. अंगावर ताबा त्याने येतो.

ट्रॅम्पोलीन कुठे आहे याची चौकशी जळगावच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगर फार लांब नाही, तिथे जिम्नॅस्टिक्सचं वातावरण जुनं आहे. पण पैसे भरण्याआधी एकदा जाऊन नुसतं बघा. नवीन पोराला पहिले काही आठवडे सरळ उड्या आणि जागच्या जागी थांबणं शिकवत असतील, ट्रॅम्पोलीनच्या चारही बाजूंना माणसं किंवा गाद्या असतील, तर खुशाल नाव घाला. पहिल्याच दिवशी कोलांटी मारून घेत असतील तर मुलीचा हात धरून परत या आणि दुसरीकडे चौकशी करा.