गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे, त्रास काहीच नाही, तरी थायरॉईडची तपासणी कशाला?

करून घ्या, टाळू नका. त्रास नाही म्हणता, पण थकवा, झोप, बद्धकोष्ठता ही थायरॉईडचीही लक्षणं. ती ‘दोन जिवांची आहे, व्हायचंच’ या नावाखाली खपून जातात. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर कामाला लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. म्हणून घाई.

सरसकट सगळ्यांची टीएसएच (थायरॉईड कमी पडली की रक्तात वाढणाऱ्या हार्मोनची तपासणी) करावी का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. आपल्याकडे सांगली-मिरजेला मात्र पहिल्याच भेटीत चिठ्ठीवर लिहून देतात, आणि मला ते बरोबर वाटतं. उपाशी जायची गरज नाही.

रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ची रेंज बहुधा गरोदर नसलेल्यांची असते. पहिल्या तिमाहीत टीएसएच एरवीपेक्षा कमी असतो, त्यामुळे ४ च्या वर गेला तर डॉक्टर लक्ष घालतात. आकडा बघून स्वतःच घाबरू नका, निवांतही होऊ नका.

गोळी सुरू झाली तर सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास. आमच्या वहिनी थायरॉईडची आणि लोहाची गोळी एकदमच चहासोबत घ्यायच्या. महिना झाला तरी आकडा हलेना! लोह-कॅल्शियम चार तासांनी घ्यायला लागल्या, मग उतरला.

आधीपासून गोळी चालू असेल तर मात्र आजच डॉक्टरांना फोन करा. गरोदरपणात डोस बहुतेकदा वाढवावा लागतो. मनाने बंद तर मुळीच करू नका.