बांधावरची तितराची अंडी जागीच राहू द्या

दादा, बांधाच्या गवतात सापडलेली तितराची अंडी उबवू का, असं विचारलंत. नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तितर येतो आणि त्याची अंडी उचलणं हीसुद्धा शिकारच धरतात. तेवढा तुकडा कापणीत सोडून द्या, मादी बघेल तिचं.

हौस असेल तर जपानी लाव्ही पाळा. अंडी खात्रीच्या पाळणाऱ्याकडून, सात दिवसांच्या आतली घ्या. पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या पेटीत) तापमान ३७.५ अंश ठेवा आणि दिवसातून तीन-चारदा अंडी फिरवा. १४ दिवस झाले की फिरवणं बंद करून ओलावा वाढवा. १७-१८व्या दिवशी पिल्लं फुटतात. त्या वेळी झाकण उघडायचं नाही! पहिल्या खेपेला मी कौतुकाने सारखं उघडून बघत होतो. आतला ओलावा गेला, कवचाच्या आतला पापुद्रा सुकून चिकटला आणि चोच बाहेर काढलेली पिल्लं तशीच अडकून मेली.

पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचं, मोठ्या भुंग्याएवढं. पाण्याच्या ताटलीतही बुडतं, म्हणून तिच्यात गोट्या टाका. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात, गोणपाट अंथरा. उबेसाठी लावलेल्या बल्बखाली पिल्लं गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोच उघडी टाकली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा माझा यावरच भरवसा.

तिसऱ्या आठवड्यात छाती बघा: नराची तांबूस, मादीची ठिपक्याठिपक्यांची. एका नराला तीन-चार माद्या पुरे, नाहीतर नर एकमेकांची डोकी फोडतात.