फक्त हेडफोनने ऐकण्यासाठी आयपॉड क्लासिकला कोणता टेबल-डॉक घ्यावा?

हा प्रश्न आपण जळगावहून विचारला आहे. आपण हेडफोननेच ऐकणार असल्यामुळे स्पीकरसह येणाऱ्या डॉकवर (प्लेअर उभा ठेवून चार्ज करण्याच्या बैठकीवर) खर्च करू नये. क्लासिकला शेवटपर्यंत ३० पिनांचाच कनेक्टर होता, तेव्हा २०१२ नंतरचा लाइटनिंग (अ‍ॅपलचा त्यापुढचा छोटा कनेक्टर) डॉक त्याला बसणार नाही. हेडफोनचा इम्पीडन्स (विद्युत विरोध, ओहममध्ये मोजतात) ३२ ओहमच्या आसपास असेल, तर साधा चार्जिंग डॉक घेऊन हेडफोन प्लेअरलाच लावणे बहुधा पुरेसे ठरते. तो २५० किंवा ३०० ओहम असेल, तर मात्र लाइन-आउट (ध्वनीचा सिग्नल दुसऱ्या उपकरणाला देण्याची जोडणी) असलेला डॉक आणि त्यापुढे वेगळा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवून हेडफोनला देणारे उपकरण) घ्यावा. कारण लाइन-आउटचा सिग्नल प्लेअरमधील हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला वगळून ठरावीक पातळीवर बाहेर येतो, आणि हेडफोन थेट त्यात खुपसल्यास प्लेअरवरून आवाज कमी-जास्त करता येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा.

आपण जळगावचे आहात म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि अशा उष्णतेत दिवसभर डॉकवर पूर्ण चार्ज राहिलेली लिथियम बॅटरी लवकर निकामी होते, म्हणून उन्हाळ्यात दुपारी प्लेअर डॉकवरून काढून ठेवावा.