लहान मुलांच्या इन्फेक्शनची डॉक्टर व्हायचंय, की शिकवायचंय?

तुझं पत्र वाचलं. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पीडियाट्रिक्स आवडतं, त्यात इन्फेक्शनची केस आली की वॉर्डातून पाय निघत नाही, आणि ज्युनियर्सना शिकवताना वेळेचं भान राहत नाही. बाबा म्हणतात की ताप तर कुठलाही बालरोगतज्ज्ञ बघतो, त्यापेक्षा लहान मुलांचं कार्डिओलॉजी घे. आणि तू विचारतेस की इन्फेक्शन आणि शिकवणं, यातलं एक सोडावं लागेल का.

अजिबात नाही, कारण या ब्रांचमध्ये अर्धं काम शिकवण्याचंच आहे. बऱ्याच ठिकाणी या डॉक्टरचे स्वतःचे ॲडमिट पेशंट फार नसतात, सर्जरीवाले, कॅन्सरवाले, एनआयसीयूवाले (नवजात बाळांचं आयसीयू) बोलावतात की या मुलाचा ताप उतरत नाहीये, मग तू जायचं, आईकडून पहिल्या दिवसापासून सगळं ऐकायचं, घरात कोणाला जुना खोकला आहे का, प्राणी आहेत का, प्रवास झाला का, कुठली लस राहिलीये, कल्चरबद्दल, म्हणजे नमुन्यात कुठले जंतू वाढतात त्या टेस्टबद्दल, लॅबशी स्वतः बोलायचं, आणि शेवटी ज्यांचा पेशंट आहे त्यांना पटवायचं. कितीतरी वेळा तुझा सल्ला हाच असतो की अँटिबायोटिक थांबवा किंवा त्यातलं साधं वापरा, आणि घाबरलेल्या टीमच्या गळी हे उतरवणं यासारखं अवघड शिकवणं नाही.

बाबांना कावासाकी डिसीजबद्दल सांग. पाच-पाच दिवस ताप, लाल डोळे, लाल ओठ, अंगावर पुरळ, बघणाऱ्याला इन्फेक्शनच वाटतं, अँटिबायोटिक बदलत राहतात आणि तिकडे हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगायला लागू शकतात. हे वेळेत ओळखलं तर इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडीज) देऊन तो धोका खूप कमी करता येतो. तान्ह्या बाळाचं तर अजून वेगळं, त्याला सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनल्यावरही, ताप येईलच असं नाही, कधी अंग उलट गार पडतं, बाळ नुसतं दूध ओढत नाही. म्हणून ‘ताप कोणीही बघतो’ हे मला पटत नाही.

आणि दोन्ही करणारी माणसं झालीयेत की! फ्रेडरिक रॉबिन्स बालरोगतज्ज्ञ होते, पोलिओचा व्हायरस टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमधल्या पेशींमध्ये, वाढवता येतो हे दाखवल्याबद्दल त्यांना एंडर्स आणि वेलर यांच्याबरोबर १९५४ चं नोबेल मिळालं, आणि पुढे १९६६ ते १९८० ते क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्हच्या मेडिकल स्कूलचे डीन होते.

आता पैशाचं. बाबांची काळजी खोटी नाही, इथे हाताने करायच्या प्रोसिजर जवळजवळ नाहीत आणि पैसे जास्त प्रोसिजरला मिळतात, त्यामुळे कार्डिओलॉजीइतकं उत्पन्न धरून चालू नकोस. वेळही लागतो, मेडिकलनंतर आधी पूर्ण पीडियाट्रिक्स, मग इन्फेक्शनचं वेगळं ट्रेनिंग, अमेरिकेत ते तीन अधिक तीन वर्षं आहे, बाकीकडे कमी-जास्त. एवढं सगळं माहीत असूनही एका पेशंटच्या हिस्ट्रीवर तासभर बसायला तुला आवडत असेल तर ये. ऑपरेशन किंवा कॅथेटर हातात घेतल्याशिवाय काही केल्यासारखं वाटत नसेल तर मात्र बाबांचं ऐक, खरंच.

शिकवण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. आवड आहे म्हणून आपोआप जमेल असं समजू नकोस, बेडसाइडला फीडबॅक कसा द्यायचा, परीक्षा कशी बांधायची की पाठांतराऐवजी विचार तपासला जाईल, हे शिकावं लागतं आणि त्याचे मेडिकल एज्युकेशनमधले कोर्स आणि मास्टर्स असतात. पण ते नंतर. आत्ता एखाद्या आयडी (इन्फेक्शनच्या डॉक्टरांच्या) टीमबरोबर महिनाभराची पोस्टिंग मिळते का बघ, आणि पुढे ट्रेनिंगची जागा निवडताना तिथल्या सीनियर्सना स्पष्ट विचार की शिकवण्यासाठी ड्युटीतला वेळ राखून ठेवतात का, आणि प्रमोशनला शिकवणं धरतात का फक्त पेपर मोजतात.