अडतंय कुठे, ते आधी ऐक

सोलापूर,
जूनचा दुसरा आठवडा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

येत्या सोमवारपासून पूर्व भागातल्या संध्याकाळच्या वाचनवर्गाला येतेस म्हणालीस, बरं वाटलं. "बाई, तयारी काय करू? चार्ट करून आणू का?" असं विचारलंस. चार्ट नकोत. आपल्या खोलीत भिंतीला टेकून पोरं बसतात, त्यामुळे चार्ट दिसणार कुणालाच नाही. खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे तू काही शिकवूच नकोस. एका वेळी एका मुलाजवळ बस, पुस्तक त्याच्या हातात दे आणि तो वाचेल ते ऐक.

आपल्याकडे येणारी बहुतेक मुलं शाळेत जाणारी आहेत. दप्तरात पाचवीचं, सहावीचं पुस्तक असतं, गृहपाठाची वहीही भरलेली असते, कारण फळ्यावरचं उतरवून घेणं त्यांना छान जमतं. वाच म्हटलं की गाडी अडते. म्हणून मुलांना इयत्तेप्रमाणे बसवायचं नाही. 'प्रथम' संस्था 2005 पासून 'असर' नावाची पाहणी करते, तिच्यातला वाचनाचा कागद मला फार उपयोगी वाटतो. त्यावर सुटी अक्षरं असतात, साधे शब्द असतात, चार वाक्यांचा परिच्छेद असतो आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. ती पाहणी खेड्यांतली, पण कागदाला शहर-खेडं कळत नाही. मूल एकटं समोर घ्यायचं, पाच मिनिटांत कळतं ते कुठवर पोचलंय. मग अक्षरांवर असलेले एकत्र, परिच्छेदावर असलेले एकत्र. चौथीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा एका गटात आले तर येऊ देत. गटांना 'हुशार' आणि 'कच्चे' म्हणू नकोस. मुलं तुझ्याआधी ते शब्द उचलतात.

आता ऐकायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. 'चुकलास' एवढंच ऐकणारी माणसं त्यांना भरपूर भेटली आहेत. तू चूक कुठली आहे ते ऐक. एक मुलगा 'घर'ला 'धर' म्हणेल, 'भात'ला 'मात'. त्याची नजर अक्षराच्या डोक्यावरून घसरते. त्याला घ-ध, भ-म, ख आणि 'रव' असे जोडीजोडीने समोर ठेव, फरक त्यालाच शोधू दे. दुसरी 'दिवा' शब्दाशी थांबेल. ती मंद नाही. पहिल्या वेलांटीची काठी अक्षराच्या आधी काढलेली असते आणि उच्चार मात्र नंतर करायचा असतो, डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल तिथे अडणारच. रफाराचं याच्या उलट. 'सूर्य'मध्ये तो बसलाय 'य'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'य'च्या आधी. मुलं सरळ 'सूय' म्हणून पुढे जातात. हे एकदा बोट ठेवून दाखवलंस की चार-आठ दिवसांत सुटतं. न दाखवता 'नीट वाच, नीट वाच' म्हणत राहिलीस तर वर्षभर सुटत नाही.

तिसरा मुलगा धडाधड वाचेल आणि तुला वाटेल, याला इथे कशाला पाठवलंय? त्याच्या पुस्तकातल्या चित्रावर तळहात ठेव. किंवा म्हण, "खालून तिसरी ओळ वाच." पाठ केलेलं असेल तर तिथेच कळेल.

शब्दाशी मूल थांबलं की लगेच सांगून टाकायची आपल्याला घाई असते. मनात पाचपर्यंत मोज. तोवर नाही आलं तर शब्द सांग आणि वाक्य पुरं होऊ दे, मग मागे ये. दर शब्दाला अडवलंस तर वाक्याचा अर्थ वाटेतच सांडतो. वाचून झाल्यावर 'समजलं का?' विचारू नकोस, सगळे 'हो बाई' म्हणतात. "मग त्या म्हातारीनं काय केलं?" असं विचार.

सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाची घोषणा 5 जुलै 2021 ची. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, आणि हे 2026-27 पर्यंत साधावं, असं तिचं उद्दिष्ट. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत असं त्यात म्हटलंय. उद्दिष्ट म्हणून ठीक आहे. पण आपल्या वर्गात मोबाईलवर घड्याळ लावून बसू नकोस. वेग मोजला की मुलं अर्थ सोडून पळायला लागतात.

भाषेचं थोडं सविस्तर लिहिते, कारण तू जुळे सोलापूर या उपनगरात वाढलीस आणि तुझ्या घरी एकच भाषा. आपल्या वर्गातल्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, मुलांच्या घरात तेलुगू, गल्लीत हिंदी आणि मराठीची मिसळ, पुस्तकात प्रमाण मराठी. शेजारच्या बोळातली मुलं घरी कन्नड बोलतात, पलीकडची दखनी उर्दू. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशा माध्यमांच्या आहेत, तेव्हा एकाच ओळीत बसलेल्या चौघांची लिपीसुद्धा वेगळी असू शकते. उर्दू शाळेतला मुलगा पुस्तक उलट्या बाजूने उघडतो यावर हसू नकोस, इतरांनाही हसू देऊ नकोस.

'माझा वही' म्हणणारं मूल वाचनात चुकलेलं नाही. तेलुगूत वहीला आपल्यासारखं लिंग नाही, ती घरची सवय आहे. छापलेलं 'पाणी' कुणी 'पानी' असं वाचलं, 'नाही'ला 'नाय' म्हटलं, तर त्याला शब्द कळलाय आणि तो त्याच्या तोंडच्या भाषेत आलाय. पुढे जाऊ दे. 'पाणी'ला 'वाणी' म्हटलं तर थांबव. या दोन चुका एकाच तराजूत घालणाऱ्या माणसापुढे मुलं तोंड उघडत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. तेलुगू मुलाच्या घरी जाशील तेव्हा त्याच्या आजीला विचार, गुणिंतम येतं का. तेलुगूतली बाराखडी. आजीने ती म्हणून दाखवली की नातवाच्या लक्षात येतं, हे प्रकरण आपल्या घरात आधीपासूनच आहे.

पुस्तकं हवीत तर 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर गोष्टी फुकट मिळतात, मराठीत, तेलुगूत, कन्नडात, उर्दूत, आणि पातळीप्रमाणे लावलेल्या. एकच गोष्ट दोन भाषांत मिळाली तर दोन्ही छापून आण. तेलुगू ताईने आणि मराठी दादाने आळीपाळीने वाचावी, गंमत येते.

मोठी मुलं हा वेगळाच विषय. तेरा-चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा वाचता येत नाही हे फार हुशारीने लपवतो. "बाई, घसा बसलाय." "बाई, मी पाणी भरून आणतो." पुस्तकं वाटायला सगळ्यात पुढे, उघडायला सगळ्यात मागे. त्याला लहानांसमोर वाचायला कधीही उभा करू नकोस. आणि त्याच्या हातात बदक, मगर, कमळ देऊ नकोस, अपमान वाटतो आणि तो रास्त आहे. त्याच्या जगातलं वाचायला दे. बसची पाटी, रिचार्ज संपल्याचा मेसेज, वीजबिल, कालच्या मॅचची बातमी. त्याहून चांगलं म्हणजे त्यालाच बोलतं कर. यंत्रमागावर दिवसभर काय केलं, गॅरेजात कुठली गाडी आली, ते तो सांगेल. तू त्याच्याच शब्दांत वहीत लिही, 'लई' आणि 'का बे' यांच्यासकट, सुधारू नकोस. मग तीच वही त्याच्यापुढे ठेव. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे पुढचा शब्द त्याला अंदाजाने येतो आणि अक्षर त्या अंदाजाला दुजोरा देतं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचून घे.

जोडाक्षरांसाठी आपल्या गावाने एक धडा तयारच ठेवलाय. फळ्यावर आपल्या चार हुतात्म्यांची नावं लिही: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ल्ल, प्प, ट्ट, न्न, श्र आणि कुर्बानमधला रफार, सगळं चार ओळींत आलं. पुतळे मुलांनी येता-जाता पाहिलेले असतात, नावं वाचलेली नसतात. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला होता आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं, एवढं सांगितलंस की मोठी पोरं प्रश्नांवर प्रश्न विचारतात. चौघांची आडनावं किती वेगवेगळ्या घरांतली आहेत, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. तू त्यावर भाषण देऊ नकोस.

हजेरीवरून नाराज होऊ नकोस. पाणी काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी गल्लीत पाणी येतं त्या दिवशी हंडे-कळश्या भरायला मुलं घरीच लागतात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की वर्ग अर्धा ओस, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हाही तेच. घरी जाशील तेव्हा एखादी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसेल आणि मुलगी शेजारी बसून पानं कातरत असेल. लगेच 'तिला पाठवा' म्हणून उभ्या उभ्या उपदेश करू नकोस. बस, चहा घे, कारखान्यात विड्या नेऊन द्यायची वेळ कुठली ते विचार. वर्ग अर्धा तास पुढे ढकलल्याने मुलगी येणार असेल तर आपण ढकलू. मुली मात्र अंधार पडायच्या आत घरी गेल्या पाहिजेत, हे तुझ्याकडे लागलं.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. कुठल्याही मुलासोबत दार लावून एकटी बसायचं नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. मुलांचे फोटो स्टेटसला नकोत, 'बिचारी मुलं' अशा मजकुरासह तर नकोतच. पैसे देऊ नकोस, मोबाईलवर रात्री गप्पा नकोत. वाचता वाचता एखादं मूल घरातलं किंवा शेजारच्या कुणाचं काही सांगून जाईल. तेव्हा 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुलाही आणि मलाही. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, शांतपणे ऐकायचं, ते म्हणालं तसंच लिहून ठेवायचं आणि त्याच संध्याकाळी मला फोन करायचा. कितीही वाजले असले तरी.

एक वही कर, मुलामागे एक पान. तारीख, काय वाचलं, कुठे अडलं. 'प्रगती चांगली' असलं काही लिहू नकोस, त्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही. 'रफार अजून गळतोय, पहिली वेलांटी जमली' असं लिही. तू नसशील त्या दिवशी तुझ्या जागी बसणाऱ्याला ते वाचून पुढे जाता आलं पाहिजे.

आणि तू नसशीलच कधीतरी. तुझी सेमिस्टर परीक्षा नोव्हेंबरात आहे ना? मग ऑक्टोबरातच मुलांना सांग की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी येणार नाही. आठवड्यातून दोनच दिवस जमत असतील तर दोनच सांग, उत्साहाच्या भरात पाच सांगू नकोस.

सोमवारी साडेपाचला ये. किल्ली समोरच्या किराणा दुकानात असते, माझं नाव सांग.

तुझी,
बाई