गोव्यात जन्मदर एवढा कमी का? शिकलेल्या मुलींना मूलच नको असतं का?

नको असतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मुलींना विचारलंत कधी?

माझं सासर डिचोलीचं. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि होणाऱ्या नवऱ्याचे ट्रक दारात उभे राहिले. बँकेचे हप्ते मात्र चालूच. लग्न लांबलं ते तिथून. पुढे त्याला वेर्ण्याला नोकरी लागली, लग्न झालं, आणि आमच्या वाट्याला काय, तर अर्धी खोली. मध्ये गोदरेजचं कपाट, पलीकडे नणंद. परसात एक खोली काढू म्हटलं तर वन-फोर्टीनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, आजेसासऱ्यांपासूनची नावं, बायकांसकट. पंचायतीला सगळ्यांची ना हरकत हवी. मुंबईच्या आत्यांनीसुद्धा सही करून कागद कुरियरने पाठवला. अडले ते चुलत सासरे. "आधी वाटण्या होऊं देत." आणि दर चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून हेच गृहस्थ मला विचारणार, "पाळणा कधी हलणार?" एकदा आरती झाल्यावर सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, टांगायला आधी आढं तर द्या." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

मग म्हापशात भाड्याने राहिलो. मुलगी झाली, आणि वर्षभरात मालकाने फ्लॅट पर्यटकांना द्यायला काढला. दुसऱ्या मुलाचा विषय तिथेच संपला. आमच्या कंपनीत पाळणाघराची पाटी आहे, आत जुन्या फायली. 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं असं 2017 पासून कायदा म्हणतो. म्हणू दे.

आकडा हवा तर 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात बाईमागे 1.3 मुलं. लोकसंख्या टिकायला 2.1 लागतात. आता हेही खरं, की 1992-93च्या पहिल्या पाहणीतच गोवा 1.9वर होता. म्हणजे सगळंच खाणींवर नि भाड्यांवर ढकलता येत नाही. शिक्षण, उशिरा लग्न, एकावर थांबणं, हे इथे जुनंच. आणि ज्यांना हवं असून होत नाही त्यांचं दुखणं वेगळं. त्यांनी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, चौकशी करावी, तिथे आयव्हीएफ मोफत आहे.

तुम्ही लग्नाचे असाल तर स्थळाचा पगार नंतर विचारा. आधी वन-फोर्टीनचा उतारा मागा आणि कोणाकोणाची सही राहिलीय ते बघा. आमच्या काकांची अजून राहिलीय.